पहिली ओळ

"बाई, मला पयला नंबर देऊ नगा."

खिडकीपलीकडची बाई एवढंच म्हणाली आणि तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. सकाळचे सात वाजत होते. मी नुकतीच खिडकी उघडली होती. गाळलेल्या पाण्याची बाटली टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघत होते. तिच्या मागे रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. रांगेतल्या प्रत्येकीच्या पदराखाली, टोपड्याखाली एक फाटलेला ओठ किंवा उघडी टाळू होती.

"का गं? सगळ्यांच्या आधी येऊन बसलीस म्हणे दारात. पहिली आलीस, पहिला नंबर."

"काल सांच्यालाच आलोय, जतच्या गाडीनं. बसले पयली, खरं नंबर दुसरा द्या. तिसरा द्या. मागल्या खेपंला, जानेवारीत, पयला व्हता, तुमीच लिवला व्हता. सांच्याला नाव निघालं न्हाई."

"तेव्हा काहीतरी गडबड झाली असेल. नंबराचं असं काही नसतं."

"असतंय, बाई."

मागची एक जण ओरडली, "ए अव्वा, देत्यात त्यो घे की! हितं आमी पयल्यासाठी मरतोय, आन् तुला मिळालेला टोचाय लागलाय."

रांग हसली. ती हसली नाही. मी फॉर्म पुढे ओढला आणि लिहिलं, नंबर एक. रेणुका नीलव्वा हुवाळे, वय सोळा महिने, टाळू.

"डाक्टर म्हनलं व्हतं," नीलव्वा खाली वाकून माझ्याशी हळू बोलायला लागली, "बोलाय लागायच्या आत शिवाय पायजे. न्हाईतर जलमभर नाकात बोलंल. आता ही मला अव्वा म्हनाय लागलीया. नाकातनंच."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तोंड मिटलेलं असलं की काहीच कळत नव्हतं.

"होईल," मी म्हटलं. "आज होईल तुझं काम. बस बाकावर."

ही गोष्ट दोन हजार दहा सालातली. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात वर्षातून तीनदा असं शिबिर भरायचं. बाहेरून सर्जन यायचे, तीन दिवस ऑपरेशनं करायचे आणि जायचे. मी रेकॉर्ड विभागात होते, एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत. शिबिराचं माझं काम एवढंच होतं की फॉर्म भरायचे, दुपारी सगळी नावं एकाखाली एक टाइप करायची आणि प्रत्येक मुलाचा फोल्डर करायचा. फोटो, रक्ताचा रिपोर्ट, आईची सही, सगळं त्या फोल्डरात जायचं. पाच वाजता सर्जनांच्या बरोबरच्या मॅडम येऊन ते सगळे फोल्डर आपल्या डिस्कवर घ्यायच्या. ज्याचा फोल्डर, त्याचं ऑपरेशन. पूर्वी एकदा नुसत्या कागदावरून आत घेतलेल्या मुलाचा रक्तगट दुसऱ्याच्याच नावावर गेला होता. तेव्हापासून कागद दाखवून कुणाला आत घेत नसत. फोल्डर झाला की त्याच्याबरोबर मुलाच्या मनगटाला बांधायची चिठ्ठीही निघायची. चिठ्ठी नाही, तर मूल नाही.

हे फोल्डर हाताने करायचे नव्हते. करताच येत नव्हते. दिवाण सरांनी तशी व्यवस्था करून ठेवली होती.

दिवाण सर आमचे कॉम्प्युटरचे माणूस. तपकीर ओढणारे, कुठल्याच देवाला न मानणारे, माझ्या नेमांची रोज चौकशी करणारे. "उपाध्येबाई, आज काय सोडलंत? मीठ की तूप?" मी म्हणायची, "आज दूध, सर." "एक दिवस काम सोडा, तेवढं राहिलंय." आम्हा जैनांत रोज एक रस सोडायची रीत आहे, शनिवारी तेल, रविवारी मीठ, असं. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. त्यांना त्याची भारी गंमत वाटायची. पण शिबिराच्या दिवशी काम लांबलं की तेच घड्याळाकडे बघून म्हणायचे, "जा आता. तुमचा सूर्य माझ्यासाठी थांबायचा नाही."

त्यांनी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला पाठ करून दिलेली कामांची यादी. मी नावं टाइप करून फाइल जतन करायची, पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची. काळी खिडकी उघडायची, भराभर अक्षरं पळायची आणि सगळे फोल्डर ओळीने उभे राहायचे. ती खिडकी दिवाण सरांच्या अधिकारात चालायची. माझ्या नावाच्या यूजरला फक्त झालेल्या फोल्डरात कागद टाकायची परवानगी होती. नवा फोल्डर करायची नाही, जुना पुसायची नाही. मागे एका नर्सच्या हातून माउस घसरून तीन मुलांचे फोल्डर चौथ्याच्या पोटात गेले होते, तेव्हा त्यांनी हे कुलूप घातलं.

आदल्या डिसेंबरात दिवाण सर गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते बसले. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला.

त्या शनिवारी बारा वाजता माझी सदतीस नावं टाइप झाली. मी टिचकी मारली. काळी खिडकी आली, गेली. मी फोल्डर मोजले.

छत्तीस.

पुन्हा मोजले. दोनपासून सदतीसपर्यंत सगळे होते. एक नव्हता.

मी हाताने करून पाहिला. उजवी टिचकी, नवा फोल्डर. पडद्यावर पाटी आली की तुम्हाला ही परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या खुर्चीवर आता मोहिते साहेबांचं जॅकेट लटकत होतं.

मोहिते साहेब नवे प्रशासक. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांनी येऊन पडद्यावर बघितलं. "छत्तीस झालेत ना? मग भरायला घ्या."

"एक राहिलीय, साहेब."

"राहिली तर पुढच्या शिबिराला. बाई, बाहेर फोटोवाला बसलाय, लॅबवाला बसलाय. एकदा भरायला घेतलं की तीन तास जातात. पाचला मॅडम येणार."

अडचण तीच होती. ती स्क्रिप्ट दर वेळी त्या शिबिराचे सगळे फोल्डर पुसून नव्याने मांडायची. एकदा फोटो आणि रिपोर्ट आत गेले की ती पुन्हा चालवता येत नव्हती. रेणुकाचा फोल्डर व्हायचा असेल तर भरायच्या आधीच व्हायला हवा होता.

"कॉम्प्युटरवाल्याला बोलावू या," मी म्हटलं.

"बोलवा. पण अडीचपर्यंत. अडीचला मी भरायला लावणार."

तांबोळी सव्वाला आले. बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, हेल्मेट काखेत, कपाळाला घाम. खुर्चीत बसताना गुडघ्यांवर हात ठेवून "या अल्ला" म्हणाले, आणि मला वाटलं, हे आपल्याइतकेच दमलेले आहेत.

"सकाळपासून चौथं दुकान हे. बोला."

मी सांगितलं. त्यांनी माझा यूजर उघडला, परवानग्या बघितल्या, जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"दिवाणसाहेबांचं काम. किल्ली सोबत नेणारा माणूस. बाई, तुमच्या यूजरला कायच नाही ओ. वाचा आणि टाका, बास."

"मग पासवर्ड तोडा," मागून मोहिते साहेब म्हणाले.

"तोडतो की. दहा मिनिटाचं काम. खरं त्यांनी जुने फोल्डर सगळे त्या पासवर्डानं बांधलेत. तोडलं की तुमचे सात वर्षांचे पेशंट कायमचे बंद. कुणाला उघडायचे नाहीत. सही करून द्या, तोडतो."

सहीचं नाव निघताच मोहिते साहेब घड्याळ बघत बाहेर गेले.

"ती स्क्रिप्ट तरी वाचून बघा," मी म्हटलं.

"त्यांच्या खोलीत आहे ती. चालवायची परवानगी आहे, वाचायची नाही. इनमीन एक चित्र ठेवलंय तुमच्यासाठी. हाणा टिचकी."

मी मारली. छत्तीस.

"नाव लांब असेल," तांबोळी म्हणाले. नीलव्वा काढून नुसतं रेणुका हुवाळे ठेवलं. छत्तीस. आडनावात काही चुकीचं अक्षर बसलं असेल म्हणून ते पुसून नव्याने टाइप केलं. छत्तीस. तांबोळींनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसलो. पुन्हा छत्तीस.

"परमिशनचाच घोळ आहे," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर राहिला नव्हता. "बाकीच्या छत्तिसांना परमिशन आणि हिलाच नाही, असं कसं असंल, तेवढं मात्र विचारू नका."

दोन वाजून गेले होते. माझा डबा तसाच होता. कंबर इतकी भरून आली होती की उठावंसं वाटत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. मी उठून दारापर्यंत गेले. समोरच्या बाकावर नीलव्वा बसली होती, पोरीला मांडीवर उताणी घेऊन. वाटीतलं दूध चमच्याने घशाच्या बाजूला सोडत होती. चार थेंब आत, दोन नाकातून बाहेर. ती पदराने नाक पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सगळं कळल्यासारखं बघितलं आणि पुन्हा चमचा भरला.

आणि मला तिचं सकाळचं बोलणं आठवलं.

जानेवारीतली संध्याकाळही आठवली. एकेचाळीस फॉर्म होते, फोल्डर चाळीस. मी मोहिते साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "गेलं असेल कुणीतरी कंटाळून. गैरहजर लिहा." आणि मी लिहिलं होतं. एक नंबरपुढे, माझ्या अक्षरात, गैरहजर. लिहिताना दारात कोण बसलंय ते बघायला मी उठलेही नव्हते. नंतर एक बाई खिडकीशी आली, तिला मी सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही, पुढच्या शिबिराला या. ती बाई आणि गैरहजर हे मी जोडून बघितलंच नव्हतं. मी. रोज सकाळी देवापुढे उभी राहून खोटं बोलणार नाही म्हणणारी.

मी परत आत आले.

"तांबोळी, दुसऱ्या नावाला पहिलं करा. हिला दुसरं."

"त्यानं काय होणार?"

"करा तरी."

त्यांनी ओळी खालीवर केल्या. मी टिचकी मारली. रेणुका हुवाळे उभी होती. आणि ज्याला आम्ही पहिलं केलं होतं तो मुलगा नाहीसा झाला होता.

"आयला," तांबोळी म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "माफ करा."

"तिने सकाळीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "पहिला नंबर नको म्हणून."

"कुणी? त्या बाईनं?" त्यांनी दाराकडे मान वळवली. "मग मला कशाला बोलावलंत? तिलाच बसवायचं खुर्चीत."

मी मधल्या, एप्रिलच्या शिबिराची फाइल काढली. फॉर्म तेहेतीस. फोल्डर बत्तीस, दोनपासून पुढे. एक नंबरपुढे माझ्याच अक्षरात गैरहजर. मग त्याच्या आधीची वर्षं उघडली, दिवाण सरांच्या वेळची. सगळ्यांचे फोल्डर होते. एकापासून शेवटापर्यंत, एकही न चुकता.

"तेव्हा होत होतं आणि आता होत नाही," तांबोळी बोटं मोडत म्हणाले. "स्क्रिप्टला तर कुणी हात लावलेला नाही. लावताच येत नाही. म्हणजे बदललंय ते तुमच्या बाजूनं. यादीत काय बदल केलात, बाई?"

"काही नाही."

"आठवा."

"काही नाही हो. तीच फाइल, तसंच एकाखाली एक..."

आणि मी थांबले.

मला लहानपणापासून कोऱ्या कागदावर आधी श्री लिहायची सवय. पत्र असो, किराणामालाची यादी असो, वर श्री आल्याशिवाय हात पुढे जात नाही. कॉम्प्युटरवर आले तेव्हा यादीतही लिहायला लागले. नावं इंग्रजी अक्षरांत असायची म्हणून श्रीसुद्धा इंग्रजी अक्षरांत, पहिल्या ओळीवर एकटा. दिवाण सरांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. "उपाध्येबाई, हा श्री कोण? याचा ओठ फाटलाय की टाळू?" मी म्हटलं होतं, "राहू दे की सर, कुणाला त्रास आहे?" "मशीनला आहे. ते त्यालाही पेशंट समजेल. ऑपरेशनला उभा करतील तुमच्या देवाला." सगळा विभाग हसला होता. मी हसले होते आणि तरी श्री लिहीतच राहिले होते. पुढे सात वर्षं त्यांनी त्यावरून चिडवलं. पण खोडायला एकदाही सांगितलं नाही.

ते गेल्यावर मोहिते साहेबांनी यादी पाहिली. "हे वर काय? बाहेरच्या डॉक्टरांकडे जातं हे सगळं. काढा." त्यांचंही चूक नव्हतं. मी काढलं. वाद घालायचा माझा स्वभाव नाही. तेव्हापासून मी श्री मनात म्हणायची आणि पहिल्या ओळीवर पहिल्या मुलाचं नाव टाइप करायची.

"वर काहीतरी टाका," तांबोळी म्हणत होते. "कायपण. एक ओळ खाते ती, खाऊ दे. एबीसी टाका."

मी खुर्चीत बसले. नावं पुन्हा मूळच्या क्रमाने लावली. मग पहिल्या नावाच्या आधी जाऊन एक ओळ मोकळी केली आणि तिथे टाइप केलं, श्री. टिचकी मारली.

तांबोळी मोठ्याने मोजत होते. "...पस्तीस, छत्तीस, सदतीस. झालं! आणि तुमचं हे जे वरचं, त्याचा फोल्डर नाहीच."

"नाही," मी म्हटलं. "कधीच झाला नव्हता."

सात वर्षं मी पहिल्या ओळीवर ते टाइप करत होते. आणि सात वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की बाकी सगळ्यांचा फोल्डर होतो, मग त्याचा का होत नाही.

"म्हणजे मुद्दाम केलंय," तांबोळी सावकाश म्हणाले. "पहिली ओळ सोड, दुसरीपासून घे, असं सांगितलंय त्यांनी मशीनला. असं आपोआप होत नसतंय, बाई, लिहावं लागतं. एवढं सांभाळून कशासाठी लिहिलं असंल? देवाबिवाचे होते का?"

"नव्हते," मी म्हटलं.

त्यांनी अजून काही विचारलं असतं. पण माझ्याकडे बघून ते हेल्मेट उचलून उठले. जाताना म्हणाले, "कधीतरी त्या पासवर्डाचा शोध लावा. ती ओळ काढून टाकू."

"असू दे," मी म्हटलं.

अडीचला मोहिते साहेब आले. "किती?"

"सदतीस."

त्यांची नजर यादीच्या वरच्या ओळीवर गेली. ते काहीतरी बोलणार होते.

"साहेब," मी म्हटलं, माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण हात टेबलावरून काढला नाही, "हे असंच राहील. आणि जानेवारीची नि एप्रिलची फाइल मला दुरुस्त करायचीय. दोन्हीकडे मी खोटं लिहिलंय."

ते "आधी हे भरा," म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्या ओळीबद्दल त्यांनी कधी विषय काढला नाही.

आम्ही भरत गेलो. फोटोवाला, लॅबवाला, सह्या, अंगठे. पाचला मॅडम आल्या, सहापर्यंत थांबल्या. डिस्क भरली, मनगटाच्या चिठ्ठ्या निघाल्या. यादी छापून मी दाराला चिकटवली, तेव्हा बायकांची एकच झुंबड उडाली. नीलव्वा मात्र बाकावरून उठली नाही. वाचता येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, जानेवारीत ती अशीच उठून यादीपाशी गेली होती.

मीच तिच्याजवळ गेले. पोरीच्या मनगटाला चिठ्ठी बांधली. हात इतका बारीक की दोनदा गुंडाळावी लागली.

"उद्या सकाळी. तिसरं ऑपरेशन."

तिने चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "कितवा नंबर लिवलाय?"

खोटं बोलायचं नव्हतं. "एकच आहे. पण यादीत तुझ्या वर एक नाव आहे. तू दुसऱ्या ओळीवर."

"कुनाचं हाय वर?"

"देवाचं."

ती पोरीला खांद्यावर टाकून म्हणाली, "मग बेस झालं. त्यो राहिला तर राहू द्या, त्याला काय कमी हाय. माझी पोर राहाय नको."

मी घरी पोचले तेव्हा सूर्य मावळून गेला होता. यजमानांनी ताट झाकून ठेवलं होतं. मी ते तसंच उचलून आत ठेवलं आणि अंथरुणावर पडले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की डबाही तसाच पिशवीत आहे.

रेणुकाची टाळू दुसऱ्या दिवशी शिवली. दीड वर्षाने तपासणीला आली तेव्हा ती खिडकीत उभी राहून मला "ए बाई" म्हणाली, तोंडातून, स्वच्छ. नीलव्वाने तिला धपाटा घातला, "बाई म्हन नुसतं, ए कुनाला म्हनतीस?" पण ओरडताना तिचे डोळे हसत होते.

जानेवारीच्या फाइलमध्ये मी गैरहजर खोडून हजर लिहिलं आणि खाली सही केली. एप्रिलच्या फाइलमध्येही. तिथल्या एक नंबरच्या मुलाचं नाव संकेत ऐवळे, कवठेमहांकाळच्या बाजूचा, अकरा महिन्यांचा. फॉर्मवर शेजाऱ्याचा फोन होता. तो लागला नाही. पत्र टाकलं, ते परत आलं. पुढच्या दोन शिबिरांना त्या भागातल्या प्रत्येक बाईला विचारलं. ऊसतोडीला गेलीत माणसं, एवढंच कळलं. कुठल्या कारखान्याला, ते कुणाला माहीत नव्हतं. तोही त्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या आधी आला असणार. त्याच्या आईने पहिला नंबर मिळाला म्हणून देवाला हात जोडले असतील.

माझे रोजचे नेम संध्याकाळी सुटतात. एक मात्र तेव्हापासून चालू आहे. गोड खात नाही. नातीच्या बारशाला सगळे पेढा घेऊन मागे लागले, सून म्हणाली, "आई, आजच्या दिवस तरी. कधी सुटणार हा नेम?" मी म्हटलं, "कुणीतरी यायचंय, आलं की सुटेल." आता संकेत सतरा-अठरा वर्षांचा झाला असेल. बोलतही असेल, कसंतरी.

निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या जागेवर आलेल्या मुलीला मी सगळं काम समजावून दिलं. यादी कशी करायची, टिचकी कुठे मारायची. आणि वर पहिल्या ओळीवर काय लिहायचं ते.

"हे असलंच पाहिजे का, मॅडम?" तिने विचारलं. "मी नाही मानत हे सगळं."

"नको मानू," मी म्हटलं. "पण त्या ओळीवर जो असतो तो मागे राहतो. तिथे माणसाचं मूल ठेवायचं नाही."